तीसच्या आत

५ मार्च

प्रिय ताई,

तुझे फोन मी मुद्दाम उचलत नाही. फोनवर तू रडायला लागतेस, मग मी 'बरा आहे' म्हणतो आणि विषय तिथेच आटपतो. पत्रात निदान तुला मधे बोलता येत नाही. शिवाय डायलिसिसच्या खुर्चीत मला वेळच वेळ असतो. आठवड्यातून तीनदा, चार-चार तास, डावा हात मशीनच्या ताब्यात आणि उजवा रिकामा. एका सुईतून रक्त बाहेर जातं, धुतलं जातं, दुसऱ्या सुईतून परत येतं. समोरच्या खुर्चीतले टेलरकाका घोरत असतात. भिंतीवर एक मोठं घड्याळ आहे, ते कुणीतरी काढून न्यावं असं इथे सगळ्यांनाच वाटतं.

आता मुद्द्याचं. मी हे बंद करायचं ठरवलंय.

ऐकून घे. दोन्ही किडन्या बसल्याला आता दोन वर्षं झाली. ज्या दिवशी मशीन, त्या दिवशी घरी येऊन मेल्यासारखा पडतो. दुसऱ्या दिवशी जरा माणसात येतो, तिसऱ्या दिवशी पुन्हा खुर्ची. ऑफिसात आता मला नवे नकाशे काढायला देत नाहीत, जुन्या नकाशांवरची गावांची नावं तपासायला देतात. पाणी मोजूनमापून. परवा पोटॅशियम सहा आलं म्हणून डॉक्टर बाईंनी सगळ्यांसमोर झापलं. केळं खाल्लं होतं, तेही अर्धं. या वयात अर्ध्या केळ्यावरून बोलणी खायची माझी तयारी नाही. एप्रिलअखेरपर्यंत येतो असं मी त्यांना कबूल केलंय. त्यानंतर नाही. बंद केल्यावर आठ-पंधरा दिवस जातात म्हणे, आणि फारसं दुखत नाही.

तू रागवशील. रागव. पण सांगायचं कुणाला म्हटल्यावर तूच आठवलीस.

तुझा,
बारक्या


९ मार्च

बारक्या,

'प्रिय' मुद्दाम गाळलंय.

तुझं पत्र मी कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत फोडलं. डबा उघडला होता तो तसाच बंद केला. दुपारी जुळवलेली पहिलीच शेड चुकली. इतकी वर्षं रंग जुळवतेय, माझ्या हातून करड्याचा निळा कधी झाला नव्हता. शेजारची म्हणाली, बरं नाही का तुम्हाला? मी म्हटलं, धाकटा भाऊ मरायची तारीख कळवतोय. ती हसली, तिला थट्टा वाटली.

आई गेली तेव्हा तू नववीत होतास. तुझ्या तापात मी जागले, तुझी दप्तरं मी भरली, तुझ्या खोड्यांपायी मास्तरांची बोलणी मी खाल्ली. आणि आता तू मला 'फारसं दुखत नाही' म्हणून समजावतोस. कुणाला दुखत नाही? तुला. माझं काय?

आणि पोटॅशियम सहा म्हणजे काय रे? सहा काय? थेंब, चमचे, पोती? माझ्या टेबलावर कुणी नुसता आकडा पाठवला तर मी चिठ्ठी तशीच परत धाडते. आधी ग्रॅम की मिली ते लिहा म्हणते. एकदा बाहेरून ऑर्डर आली होती, गॅलनला अमुक इतकी पेस्ट. गॅलन दोन प्रकारचे असतात, एक पावणेचार लिटरचा आणि एक साडेचार लिटरचा. कुठला ते कुणी विचारलं नाही आणि एका अख्ख्या शाळेच्या भिंती गडद झाल्या. मुलांना वर्गात दिवसा दिवे लावून बसावं लागलं. तेव्हापासून एककाशिवाय आकडा मी लिहीत नाही आणि दुसऱ्याचा वाचत नाही. कारखान्यात मला मागून 'एककबाई' म्हणतात, मला माहीत आहे.

मी किडनी देते. मी तुला विचारत नाहीये, सांगतेय. देवाने दोन दिल्यात, एकीवर माणसाचं भागतं. यांना अजून बोलले नाही, बोलेन. तू डॉक्टर बाईंना विचार की मी आधी कसली तपासणी करून घ्यायची. आणि ते एप्रिलअखेर वगैरे डोक्यातून काढून टाक.

ताई


१४ मार्च

प्रिय ताई,

नको. हे आधी लिहून टाकतो म्हणजे मी नको म्हटलं होतं याला पुरावा राहील.

पण मी नाही विचारलं तर तू इथे येऊन डॉक्टर बाईंच्या दारात ठाण मांडशील, म्हणून विचारलं. त्या म्हणाल्या, ताईंना इथवर आणायच्या आधी एक साधी तपासणी तिकडेच करू दे. सकाळची पहिली लघवी. त्यात दोन गोष्टी मोजतात. एक अल्ब्युमिन, म्हणजे रक्तातलं प्रोटीन, जे धडधाकट किडनी बाहेर सांडू देत नाही. दुसरं क्रिएटिनिन, म्हणजे शरीरातला कचरा, जो बाहेर जायलाच हवा. पहिल्याला दुसऱ्याने भागायचं. उत्तर तीसच्या आत आलं तर पुढच्या तपासण्या. वर गेलं तर किडनी द्यायचा विषयच काढायचा नाही. "तीसच्या आत," एवढं म्हणून त्या पुढच्या खुर्चीकडे गेल्यासुद्धा.

तुमच्याकडची लॅब भागाकार करून देईल, न देईल. तू मला दोन आकडे कळव, भागाकार मी करतो. तेवढं तरी काम माझ्याकडे राहू दे.

खरं सांगू? तुझं पत्र मी खुर्चीत वाचलं आणि ढसाढसा रडलो. टेलरकाका घोरायचे थांबले. सिस्टर धावत आली, तिला वाटलं सुई निसटली. किडनी नको असं मी मनापासून म्हणतोय, पण तू देते म्हणालीस ते वाचून इतकं बरं वाटलं की माझी मलाच लाज वाटली.

तुझा,
बारक्या


२५ मार्च

प्रिय बारक्या,

उशीर झाला. लॅबवाल्यांनी आज या, उद्या या करत वेळ लावला आणि इकडे कारखान्यातही काम फार आहे.

तुझे दोन आकडे: अल्ब्युमिन २०७, क्रिएटिनिन ८.४.

कर भागाकार. तुझं गणित पक्कं आहे, मी तपासत बसत नाही.

एक ध्यानात ठेव, ऑपरेशन करायचं म्हटलं तर तुझं अंग स्वच्छ हवं. मशीनची एकही पाळी चुकवायची नाही. पाणी मोजून पी, केळ्याकडे बघूही नकोस. इथे थंडी सरली, पहाटे उठायला आता बरं वाटतं. यांचा गुडघा ठीक आहे.

ताई


२९ मार्च

प्रिय ताई,

तीसच्या आत!

सिस्टरकडून पेन मागून घेतलं आणि तिच्याच चार्टच्या मागे भागाकार केला. २०७ भागिले ८.४ म्हणजे २४.६४ आणि पुढे बरंच काही. पण ते बरंच काही लिहायचं नाही. तुझ्या ८.४ मध्ये सार्थ अंक दोनच आहेत, म्हणजे लॅबवाल्याला क्रिएटिनिन दोन अंकांइतकंच ठाऊक आहे. मग माझ्या उत्तरालाही दोनच अंकांचा हक्क. उत्तर २५. आमच्या ऑफिसात एक साहेब आहेत, फूटपट्टीने मोजलेलं अंतर दशांश चिन्हापुढे सहा घरं लिहितात. त्यांच्या नाकावर टिच्चून मी दोन अंकांत थांबलो. एकाच सार्थ अंकात लिहिलं तर वीस. ताई, जितके अंक कमी करावेत तितकी तुझी किडनी देखणी दिसतेय.

तू विचारशील, पंचवीस काय? एककबाई, या वेळी उत्तर आहे माझ्याकडे. काही नाही. गुणोत्तराला एकक नसतं. नकाशावरचा एक सेंटीमीटर म्हणजे जमिनीवरचे पंचवीस हजार सेंटीमीटर. सेंटीमीटरने सेंटीमीटर उडाला, उरला नुसता आकडा. आयुष्यभर मी हेच केलंय.

डॉक्टर बाईंना सांगितलं. म्हणाल्या, छान, पण मला मूळ रिपोर्ट हवा, मग त्यांना पूर्ण तपासणीला बोलावू. तेवढा रिपोर्ट पाठव.

मला माझाच धक्का बसलाय. काल ऑफिसात जाऊन मी साहेबांकडे नवा नकाशा मागितला. नदीचं खोरं आहे, वर्षभराचं काम. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी त्यांची खुर्चीच मागतोय. दिला मात्र. एप्रिलअखेरचं डॉक्टर बाईंनी विचारलं तर मी विषय बदलला. मला जगायचंय गं. हे मला माहीतच नव्हतं.

तुझा,
बारक्या


६ एप्रिल

प्रिय बारक्या,

नकाशा मिळाला हे फार छान झालं. तो सोडू नकोस.

रिपोर्ट लॅबवाल्यांकडेच राहिलाय. त्यांचं मशीन बदलतंय म्हणे, नव्या मशीनवर पुन्हा एकदा तपासून देतो म्हणाले. मीही म्हटलं, होऊन जाऊ दे. त्यात कारखान्यात शाळांच्या सुट्टीतल्या रंगकामाच्या ऑर्डरी आल्यात, रजा मागायची सोय नाही. मेमध्ये बघू. मेच्या शेवटी म्हण. तोवर तुझी एकही पाळी चुकता कामा नये.

आणि एक काम कर. गेलेल्या माणसांच्या किडन्या मिळतात त्या यादीत नाव नोंदव. तू मागे आळस केला होतास. माझी किडनी आहेच, पण नाव असलं तर बिघडतं का काही? हे पत्र वाचून संपल्या संपल्या जा आणि नोंदवून ये. नोंदवलं की मला कळव, विसरू नकोस.

बाकी, तुझं हे दुखणं सुरू कसं झालं होतं रे? आधी पाय सुजले होते की आधी थकवा आला होता? सहज विचारतेय. आमच्यातल्या एकीच्या नवऱ्याला तसंच होतंय.

ताई


१३ एप्रिल

ताई,

नाव नोंदवलं. तू इतकं टुमणं लावलंस म्हणून.

सुरुवात कशी झाली ते नीट आठवेना, म्हणून तुझ्या प्रश्नाचं उत्तर द्यायला मी माझी जुनी फाईल काढली. अगदी पहिला रिपोर्ट, लघवीचाच. त्यात माझं क्रिएटिनिन होतं ०.९६, आणि शेजारी स्वच्छ छापलेलं, लिटरला ग्रॅम. मी ते वाचलं आणि पान उलटलं. मग परत मागे आलो.

माझं ०.९६ आणि तुझं ८.४? माझ्या जवळजवळ नऊ पट? नकाशावर एखादी टेकडी शेजारच्या टेकडीच्या नऊ पट उंच आली तर मी आधी टेकडीवर संशय घेत नाही, कुणीतरी फुटांतले आकडे मीटरमध्ये घुसडलेत असं समजतो. सिस्टरला विचारलं, माणसाच्या लघवीत लिटरला आठ ग्रॅम क्रिएटिनिन असतं का हो? ती म्हणाली, घोड्याचं विचारताय का? मग तिनेच सांगितलं, काही ठिकाणच्या लॅब ग्रॅममध्ये देत नाहीत, मिलिमोलमध्ये देतात. आणि तिथे हद्द तीसची नसते.

तिथेच बसून हिशेब मांडला. एक मिलिमोल क्रिएटिनिन म्हणजे ०.११३ ग्रॅम. तुझे ८.४ मिलिमोल म्हणजे ०.९४९ ग्रॅम. मधल्या आकड्यात एक अंक जास्त ठेवला, कारण अंक शेवटी एकदाच कमी करायचे असतात. माझ्याइतकंच झालं बघ तुझं क्रिएटिनिन, माणसासारखं. आता अल्ब्युमिनचे २०७ मिलिग्रॅम भागिले ०.९४९ ग्रॅम. उत्तर २१८. दोन सार्थ अंकांत २२०, ग्रॅममागे मिलिग्रॅम. एकाच अंकात लिहिलं तर दोनशे. मी ते पुन्हा पुन्हा करून पाहिलं, ताई. कितीही अंक कमी केले तरी तीसच्या आत येत नाही.

चूक माझी, हे कबूल. मिलिग्रॅमला मिलिमोलने भागून मी एकक उडवलं, जे उडत नाही. सेंटीमीटरवाल्याची अक्कल. पण हा धक्का पचतोय न पचतोय तोवर दुसरा बसला. तू, जी नुसत्या आकड्याची चिठ्ठी परत धाडतेस, जी मला पोटॅशियमवरून झापतेस, तिने मला 'अल्ब्युमिन २०७, क्रिएटिनिन ८.४' एवढंच लिहिलं. विसरलीस असं सांगू नकोस. तुला माहीत होतं.

त्या बाईच्या नवऱ्याचं खोटं असणार. ताई, तुझे पाय सुजतात का?

बारक्या


१७ एप्रिल

प्रिय बारक्या,

हो. संध्याकाळी चपलेचे पट्टे पायात रुततात. मला वाटायचं, दिवसभर उभं राहून होत असेल.

तुला सगळं सांगते. लॅबच्या खिडकीतल्या मुलीने रिपोर्ट उलटा धरून माझ्याकडे सरकवला. त्यावर भागाकारसुद्धा करून दिलेला होता, २५, मिलिमोलमागे मिलिग्रॅम. आणि बाजूला कंसात, तीनच्या आत असावं. तीस नाही रे, तीन. मी खिडकीतल्या मुलीला म्हटलं, शून्य राहिलंय का इथे? ती म्हणाली, नाही मावशी, तीनच. बाहेर बाकावर येऊन बसले. माझ्या पाठीमागून आलेली माणसं रिपोर्ट घेऊन गेली, मी उठलेच नाही. दुसऱ्या लॅबमध्ये पुन्हा केली. तेच. म्हणून पत्राला उशीर झाला. लॅबवाल्यांना उगाच नावं ठेवली मी.

तुला लिहायला बसले तेव्हा खरंच लिहिणार होते. 'बारक्या, माझी किडनी चालणार नाही' एवढं लिहिलंसुद्धा होतं. मग कॅलेंडरकडे बघितलं. एप्रिलअखेर पुढ्यात होती. तो कागद फाडला. तुझं 'तीसच्या आत' डोक्यात होतं आणि माझं उत्तर होतं पंचवीस. मला कळलं की तुझ्या गावात ग्रॅममध्ये मोजतात आणि तुमच्या बाईंनी ते सांगायची तसदी घेतली नाही. मी फक्त एककं गाळली. भागाकार तू करणार आणि सेंटीमीटरसारखं सगळं उडवणार, हे मला तू पाळण्यात असल्यापासून ठाऊक आहे. आयुष्यात पहिल्यांदा मी नुसता आकडा लिहिला आणि त्यातला ८ दोनदा गिरवला.

ऑपरेशनपर्यंत हे जाणार नाही, हे काय मला कळत नव्हतं? तुमच्या बाई पहिल्याच दिवशी मला घरी पाठवणार. मला मे महिना हवा होता, एवढंच. मे आला असता तर मी जून मागितला असता. तोवर तुझं नाव यादीत वर सरकलं असतं, तुला नकाशाचा नाद लागला असता, जगायची सवय लागली असती. नकाशा मागितलास ते वाचलं तेव्हा कारखान्याच्या मोरीत जाऊन तोंडात पदर कोंबून रडले.

माझ्या आकड्याची मला भीती वाटत नाही असं नाही. वाटते. कुणालाच सांगितलेलं नाही, यांनाही नाही. डॉक्टरकडे गेलेले नाही. गेले की ते खरं होईल असं वाटतं. पण त्याहून जास्त भीती तुझ्या गप्प बसण्याची वाटतेय. आता तुझ्याकडे माझी किडनी नाही, आणि महिना संपत आलाय. फोन तू उचलत नाहीस. म्हणून पत्रात विचारते, तू जातोयस ना रे मशीनवर? एवढंच लिही. शिव्या नंतर घाल.

ताई


२४ एप्रिल

प्रिय ताई,

जातोय.

आता नंतरचं. तुला १३ तारखेचं पत्र टाकलं आणि पुढच्या दोन पाळ्यांना मी गेलो नाही. घरीच पडून होतो. तुझ्यावर राग आला म्हणून नाही. मला वाटलं, संपलं सगळं, आता आणखी कशाला? दुसऱ्या रात्रीपासून आडवं झालं की श्वास कोंडायचा, म्हणून भिंतीला टेकून बसायचो. फारसं दुखत नाही म्हणतात ते साफ खोटं आहे. घरमालकीण तुझं पत्र द्यायला वर आली तेव्हा माझा चेहरा बघूनच तिने रिक्षा बोलावली. पत्र मी रिक्षात वाचलं. 'तू जातोयस ना रे मशीनवर' या ओळीपाशी आलो तेव्हा मी खरोखरच मशीनवर चाललो होतो, म्हणून तुला 'जातोय' लिहिताना खोटं पडत नाहीये.

डॉक्टर बाईंनी झाप झाप झापलं. मी झापून घेतलं आणि मग तुझा आकडा त्यांच्यापुढे ठेवला. या वेळी एककासकट. त्यांनी तो दोनदा वाचला. मग म्हणाल्या, हद्द सांगताना एकक सांगायला हवं होतं, माझं चुकलं. इतक्या वर्षांत त्यांनी पहिल्यांदा माझी माफी मागितली, मला कुठे बघावं कळेना. पुढे म्हणाल्या ते नीट वाच. २२० म्हणजे किडनी गळायला लागलीय, बसलेली नाही. आत्ता गोळ्या सुरू केल्या, रक्तदाब आणि मीठ सांभाळलं, तर कित्येकांचं सगळं आयुष्य मशीन न बघता निघून जातं. मी त्यांच्याकडे पहिल्यांदा आलो तेव्हा माझं याच्या कितीतरी पुढे गेलं होतं, त्यांच्या हातात काही उरलं नव्हतं. तुझ्या बाबतीत उरलंय. "भावाला द्यायला निघाल्या नसत्या तर त्यांना पाच-सात वर्षं कळलंच नसतं," असं त्या म्हणाल्या. मी मरायला निघालो म्हणून तू वाचणार आहेस, ताई. हे मी परत परत स्वतःला सांगून बघतोय.

तुझ्या गावातल्या किडनीच्या डॉक्टरांची वेळ घेतलीय, ८ मेची. मी येतोय. तिथल्या डायलिसिस सेंटरमध्ये आठवडाभर एक खुर्ची मिळतेय, नकाशाचं काम बरोबर आणतो. पण भाऊजींना सांगायला माझी वाट बघू नकोस. आज सांग. ते गुडघा धरून बसतील, मग उठतील, मग तुझ्याआधी डॉक्टरच्या दारात जाऊन उभे राहतील. मी ओळखतो त्यांना. आणि पुन्हा माझ्यासाठी खोटं बोललीस तर मी तुझ्याशी बोलणार नाही. हे मी रागाने लिहितोय, हसू नकोस.

आज सुया काढताना डॉक्टर बाई कॉम्प्युटरपाशी बसल्या होत्या. म्हणाल्या, एप्रिल संपतोय, तुमच्या पाळ्यांचं काय करू, मे महिन्याच्या लावू का? मी म्हटलं, वर्षभराच्या लावा. त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये डिसेंबरच्या पुढचं पान उघडत नाही, म्हणून तूर्त डिसेंबरपर्यंतच्या लावल्यात.

तुझा,
बारक्या